मांजर गावभागात नाही, जिन्याखाली बघा

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकलं, की गावभागातली माणसं बोचकी बांधून विश्रामबागेतल्या पाहुण्यांकडे निघतात. २०१९ आणि २०२१चे पूर बघितल्यावर कोण थांबतंय? सोबत पिशवीत मांजरही असतं. पाहुण्यांचं दार जरा उघडं राहिलं की ते पसार होतं, आणि मग मोबाइलवर तोच जुना सल्ला येतो : 'शोधू नका, मांजर वास काढत जुन्या घरी जातं. त्याच्या शी-शूची माती दाराबाहेर ठेवा, वास किलोमीटरभर पोचतो. सगळ्यांनी मोठ्याने हाका मारा. आठवड्यात आलं नाही तर आशा सोडा.'

यातलं पहिलंच वाक्य सगळ्यात घातक. घरी परतणारी मांजरं असतात, नाही असं नाही. पण बंद पिशवीत, रिक्षातून, भर पावसात तीन-चार किलोमीटर आलेल्या मांजराने वाट बघितलीय कुठे? आणि गेलंच, तर पुराच्या पाण्यातच जाणार ना! हरवलेल्या १२१० मांजरांच्या मालकांकडून माहिती घेऊन २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सापडलेल्यांपैकी ७५ टक्के मांजरं निसटल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत होती. बाहेर कधीच न जाणारी तर बहुतेक १३७ मीटरच्या आत. माहिती मालकांनी स्वतःहून भरलेली होती, त्यामुळे आकडे सांगलीच्या बोळांना जसेच्या तसे लावू नयेत. पण काखेत कळसा नि गावाला वळसा, एवढं तरी त्यातून टळतं. जिन्याखालची अडगळ, गच्चीवरच्या टाकीमागची फट, शेजाऱ्यांचं बंद गॅरेज, गाडीचं बॉनेट, आधी हे धुंडाळा. शेजाऱ्यांना नुसतं 'दिसलं का?' विचारलं तर 'नाही' एवढंच उत्तर मिळतं. 'काकू, जरा तुमची मागची खोली उघडता का?' असं विचारा.

हाकांचं म्हणाल, तर घाबरलेलं मांजर ओळखीच्या आवाजालाही ओ देत नाही, दोन हातांवर असलं तरी. त्यात दहा जण ओरडत फिरले की ते आणखी आत सरकतं. एकाच माणसाने, रोज खायला घालणाऱ्याने, रस्ता निजल्यावर जावं. बॅटरी डोळ्यांच्या उंचीवर धरून जमिनीलगत प्रकाश टाकावा. मांजराच्या डोळ्यात मागे चकाकणारा थर असतो. अंधारात आधी तो चमकतो, मांजर नंतर दिसतं. मग तिथेच खाली बसून हळू बोलावं, सुकटीची वाटी पुढे सरकवावी. वाटी ठेवून निघून गेलात तर गल्लीतल्या कुत्र्यांची चंगळ.

मातीचा वास पावसात किलोमीटरभर पोचेल यावर माझा काडीचा विश्वास नाही. पोचलाच तर गल्लीतल्या बोक्यांना पोचेल, आणि बोका दारात बसल्यावर आपलं भेदरलेलं मांजर तिकडे फिरकेल?

आठवड्याची मुदत कोणी काढली कुणास ठाऊक. त्याच अभ्यासात आठवड्याच्या आत ३४ टक्के मांजरं मालकांना जिवंत मिळाली, वर्षभरात ६१ टक्के सापडली. नव्वद दिवसांनंतर मात्र फार थोडी. म्हणून पहिल्या आठवड्यात जीव तोडून शोधा, पण आठव्या दिवशी बॅटरी कपाटात टाकू नका.

सापडल्यावर शेपूट धरून ओढू मात्र नका. चावलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीचं विचारा.