पिसांची झडती

कोंबड्या पाळायच्या म्हटलं की लोक मुंगसाची भीती घालतात, बोक्याची घालतात, वासाची घालतात. पिसांची कोणी घालत नाही. त्यामुळे घरामागच्या पेरूखाली हौसेने खुराडं उभं राहतं, पहिलं वर्ष अंड्यांत आणि शेजाऱ्यांच्या कौतुकात निघून जातं, आणि दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला, चिवड्याचे डबे अजून भरलेले असतानाच, कोंबड्या अंगावरचं सगळं उतरवायला घेतात.

आम्ही नाशकात, मखमलाबादच्या बाजूला राहतो. आधी इकडे नुसत्या द्राक्षबागा होत्या, आता बागांच्या अधूनमधून आमच्यासारखी रो-हाऊस उगवलीत. घरात मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई. मागे गंगी, ठकू, कोळशी आणि महाराणी. कोळशी कडकनाथ आहे. तिची अंडी पण काळी असतात का, हे विचारल्याशिवाय एकही पाहुणा चहाचा कप खाली ठेवत नाही. नसतात. फिकट बदामी असतात. पाहुण्यांचा विरस होतो, त्याला माझा इलाज नाही.

पिसं झडण्याचा मुहूर्त थंडी ठरवत नाही, दिवसाची लांबी ठरवते. नाशकात जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकरा तासांवर येतो. एवढी दोन-सव्वादोन तासांची कपात कोंबडीला पुरते. अंडी बंद, जुनी पिसं खाली, नवी येईपर्यंत कोणी हाक मारायची नाही. आता यातली गंमत अशी, की निफाडला पारा किती उतरला हे पेपरच्या पहिल्या पानावर यायला लागतं, नेमकं तेव्हाच ही मंडळी उघडी पडलेली असतात. आमच्या सासूबाईंचं माहेर निफाडकडचं. त्यांना त्या आकड्यांचा फार अभिमान. "हे काहीच नाही, आमच्याकडं दव गोठतं," असं त्या खुराड्यासमोर उभं राहून, थरथरणाऱ्या गंगीला ऐकवतात.

पोल्ट्रीवाले यावर उपाय करतात. शेडमध्ये दिवे लावून दिवस सोळा तासांचा करतात. नवऱ्याने हे कुठेतरी वाचलं आणि तो लगेच वायर मोजायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "वर्षातनं एकदा रजा घेत्यात बिचाऱ्या, ती पण खाणार का तू?" वायर माळ्यावर गेली.

झडण्याला क्रम असतो. आधी डोकं, मग मान, पाठ, छाती, पंख आणि शेवटी शेपूट. पण हा क्रम पाळायचा कसा, ते ज्याच्या त्याच्या स्वभावावर. आमची महाराणी गणपती उठले तशी सुरू झाली. आज दोन पिसं, परवा एक. रोजच्या रोज निगुतीने इतकं थोडं टाकायचं, की पाहणाऱ्याला काही कळूच नये. कधीही बघा, बाई नटलेलीच. अंडी मात्र तिने सर्वांत आधी थांबवली होती. गंगी दिवाळीचे चारही दिवस अंडी देत राहिली, आणि मग आठवडाभरात अशी झडली की पाठीवरची गुलाबी कातडी दिसायला लागली. जाणकार हेच सांगतात: उशिरा आणि एकदम झडणारी कोंबडी अंड्यांना चांगली, लवकर सुरू करून महिनोन्महिने रेंगाळणारी आळशी. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण मात्र महाराणीला बघून "वा!" म्हणतो आणि गंगीला बघून "अरेरे, ही नाही जगायची." मी पंधरा वर्षं नोकरी केलीय. मला याचं अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

"नाही जगायची" हे निदान कॉलनीने एकमताने केलं. शेजारच्या काकूंच्या मते दृष्ट. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या मते राणीखेत. (राणीखेतमध्ये मान वाकडी होते, हिरवट हगवण लागते. गंगी तर त्याच्याच पोत्यातले दाणे चोरत होती.) एक आजोबा फाटकाबाहेरूनच म्हणाले, "२००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला होता, आठवतंय ना?" आणि नाकाला रुमाल लावून पलीकडच्या फुटपाथवर गेले. लांब असतो तो फुटपाथ, पण गेले.

एवढं ऐकल्यावर खात्री करून घेणं भाग होतं. उवा असतील तर त्यांच्या अंड्यांचे पांढरे पुंजके कोंबडीच्या मागच्या बाजूला, पिसांच्या बुडाशी दिसतात. लाल माइट नावाचे बारीक किडे दिवसा फळ्यांच्या भेगांत दडतात आणि रक्त प्यायला रात्री बाहेर पडतात. म्हणजे झडती घ्यायची तर रात्रीच. तेव्हा जेवणं उरकल्यावर मी मंकी कॅप घालून, दातांत टॉर्च धरून, ठकूला बगलेत उलटी घेऊन पेरूखाली उकिडवी बसले. वरच्या गच्चीवरून काकांचा आवाज आला, "कोण आहे तिकडं?"

टॉर्च काढून म्हटलं, "मी आहे काका. कोंबडीचं बघतेय."

"काय बघताय?"

याला चारचौघांत देण्यासारखं उत्तर नव्हतं. मी "काही नाही" म्हटलं. काकांनी त्यातून नको तेवढा अर्थ काढला.

उवा नव्हत्या, माइट नव्हते. पण रात्री वारा सुटला आणि गंगीची, ठकूची पिसं फाटकाखालून गल्लीभर गेली. सकाळी कॉलनीच्या ग्रुपवर फोटो: रस्त्यात तांबड्या पिसांचा सडा, त्यावर लाल बाण, आणि खाली "बिबट्याचा वावर! कोंबड्या फस्त. रात्री टॉर्च घेऊन शोधाशोध झाल्याचे प्रत्यक्षदर्शीने पाहिले." नाशकात बिबट्याची बातमी कोणी हसण्यावारी नेत नाही, कारण तो अधूनमधून खरंच येतो. दूधवाला फाटकापासून चार हात लांब पिशवी ठेवून गेला. शाळेच्या रिक्षावाल्याने वळणावरूनच हॉर्न दिला. दुपारी काकांच्या ओळखीचा वनखात्यातला माणूस येऊन मागचं अंगण फिरला, मातीत ठसे शोधले, आणि खुराड्यात डोकावून म्हणाला, "ह्या तर चारही इथंच आहेत की."

मागे जमलेल्या पंधरावीस जणांत स्पष्ट निराशा पसरली. मग गर्दीतून कोणीतरी विचारलं, "मग यांना अर्धवट सोललं कोणी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

या दिवसांत करायचं काय, तर खायला नीट घालायचं आणि हात लावायचा नाही. पीस म्हणजे जवळजवळ पंच्याऐंशी टक्के प्रथिन. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या नेहमीच्या खाद्यात ते सोळा टक्क्यांच्या आसपास असतं. झडतीच्या काळात अठरा-वीसपर्यंत न्यायचं. तांदूळ, मका, शिळी पोळी यांनी पोट भरतं, पिसं येत नाहीत. हे मी काकूंना समजावत होते तेव्हा त्यांच्या हातात एकादशीची उरलेली भगर होती. काकू आठवडाभर बोलल्या नाहीत.

प्रथिनासाठी सोयाबीन पेंड आणली आणि बुधवारच्या बाजारातून, गंगेवरून (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात), मीठ न लावलेला जवळा. त्यात मार्गशीर्ष लागला. पुढे देवघरात गुरुवारची महालक्ष्मी मांडलेली, कांदासुद्धा न शिवलेला स्वयंपाक, आणि मागे चार जणी सुकटीवर तुटून पडलेल्या. डबा स्कूटरच्या डिकीत ठेवायचा असं ठरलं. नवरा त्या स्कूटरवरून ऑफिसला जातो. पार्किंगमध्ये मांजरं त्याला आता ओळखतात.

हात लावायचा नाही हे मात्र कोणालाच जमत नाही. दया आली की माणसाला कुरवाळायचं असतं, आणि नेमकं तेच कोंबडीला सोसत नाही. नवं पीस निळसर नळीत गुंडाळलेलं वर येतं. त्या नळीत जिवंत रक्त असतं, दाबली की कळ जाते, मोडली की रक्त येतं. गंगीच्या मानेवर अशा नळ्या उभ्या राहिल्या तेव्हा ती छोट्या साळिंदरासारखी दिसत होती. दुपारच्या उन्हात ती डोळे अर्धे मिटून अंगावरची एकेक नळी चोचीत धरायची, मुळाकडून टोकाकडे हळूहळू चावत न्यायची. टरफलाची पांढरी भुकटी खाली पडायची आणि टोकाला तांबडा झुपका उलगडायचा. मग मान झटकून पुढची नळी. मानेवरच्या नळ्यांना चोच पोचत नाही, तिथे ती पायाच्या नखाने खाजवायची आणि तोल जाऊन पडायची. पडली की आजूबाजूला कोणी पाहिलं का, ते बघायची.

मुलीने तिच्यासाठी स्वेटर विणायला घेतला होता. परदेशात घालतात म्हणे. एक बाही झाल्यावर तिच्या लक्षात आलं की पंखांचं माप घेतलेलं नाही, म्हणून ती टेप घेऊन गेली. स्वेटर त्या कोवळ्या नळ्यांवर घासतो, दुखतं, हे मी सांगेपर्यंत गंगीने टेप पळवली होती. ती बाही सध्या सासूबाई गुडघ्याला घालतात.

अंडी अर्थातच विकत आणावी लागली, आणि थंडीत ती महागच असतात. ट्रे घेऊन मी मागच्या दाराने यायला लागले तर सासूबाईंनी अडवलं, "पुढनं ये. झाकून आण. त्यांच्यासमोरनं कशाला नेतेस?"

गंगी, ठकू आणि कोळशी दोन-अडीच महिन्यांत नव्या कोऱ्या झाल्या. संक्रांतीनंतर गंगीने अंडं दिलं तेव्हा तिने ते सगळ्या गल्लीला ओरडून सांगितलं. काकू वाटी घेऊन आल्या. भगरीचं प्रकरण मिटलं होतं. गंगीची अंडी घरातच पुरत नाहीत, असं मी चाचरत सांगितलं. त्यांनी खुराड्यात बघितलं. महाराणी ऐटीत बसली होती, शेजारी कालचं एक पीस.

"मग हिचं द्या की. किती छान दिसते!"

सासूबाई तिळाचे लाडू वळता वळता म्हणाल्या, "हिचं पाहिजे असंल तर वाटी इथंच ठिवून जा. नावं घालून ठिवू. नातवंडं न्यायला येतील."