तातडीचा शंट खरंच इतिहासजमा झाला का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण मुद्द्याची आहे. तुमचा आक्षेप असा, की सिरॉसिसच्या (लिव्हर कडक होऊन बिघडलेल्या) रुग्णाला रक्ताच्या उलट्या होत असताना करायच्या पोर्टोकेव्हल शंटला, म्हणजे लिव्हरकडे रक्त नेणारी पोर्टल व्हेन थेट हृदयाकडे जाणाऱ्या व्हेना केव्हाला जोडायच्या ऑपरेशनला, मी माझ्या लेखात ‘इतिहासजमा’ म्हटलं, सॅन दिएगोचे सर्जन मार्शल ऑर्लॉफ यांची या ऑपरेशनवरची चाचणी दडवली आणि ऑपरेशनऐवजी लिव्हरमध्ये स्टेंट (जाळीची नळी) बसवणाऱ्यांची तळी उचलली.

आधी चाचणी. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २११ रुग्ण होते, आणि ‘हा झेपेल, तो झेपणार नाही’ अशी निवड न करता घेतलेले. शंट झालेल्या प्रत्येकाचा रक्तस्राव कायमचा थांबला. स्क्लेरोथेरपीच्या, म्हणजे रक्त येणाऱ्या फुगलेल्या शिरेत औषध टोचलेल्या गटात जेमतेम २० टक्क्यांचा. शंटनंतर माणूस भ्रमिष्ट होतो म्हणतात, तर ही भ्रमिष्टावस्था (एन्सेफॅलोपॅथी) शंटवाल्यांत १५ टक्के आणि दुसऱ्या गटात ३५ टक्के निघाली. यातला एकही आकडा मी नाकारत नाही.

पण शंटने हरवलं कुणाला? स्क्लेरोथेरपीला. ती पद्धत अन्ननलिकेच्या व्हेरिसेससाठी, म्हणजे तिथल्या फुगलेल्या शिरांसाठी, आता मागे पडली आहे. आज रुग्ण आला की टर्लिप्रेसिन (त्या शिरांतला दाब कमी करणारं औषध) आणि अँटिबायोटिक लगेच सुरू होतं, मग एन्डोस्कोपीतून बँडिंग, म्हणजे शिरांना रबरी कडी. या उपचाराशी शंटची गाठ त्या चाचणीत पडलेलीच नाही.

दुसरं म्हणजे घड्याळ. त्यांनी ६ तासांत तपासण्या आणि ८ तासांच्या आत उपचार सुरू केले, तेही याच कामात मुरलेल्या चमूकडून. रात्री अडीचला पोटात पाणी, वाढलेला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) आणि पडलेलं बीपी घेऊन आलेल्या माणसाचं पोट उघडून पोर्टल व्हेन थेट व्हेना केव्हाला जोडायची, असे हात तुमच्या पिढीत होते. आता ते शिकायला केसेसच येत नाहीत. याचं मलाही वाईट वाटतं, पण रुग्णाला त्याचा काय उपयोग?

टिप्समध्ये (TIPS, म्हणजे स्टेंटच्या पद्धतीत) वाट तीच, पण मानेतून: गळ्याच्या शिरेतून सुई लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या हिपॅटिक व्हेनपर्यंत, तिथून लिव्हर भेदून पोर्टलच्या फांदीत, आणि त्या बोगद्यात आवरण असलेला स्टेंट. २०१० च्या युरोपातल्या चाचणीत, ६३ रुग्णांत, ७२ तासांच्या आत हे केल्यावर वर्षभराने ८६ टक्के जिवंत होते. औषध-बँडिंगच्या गटात ६१. हो, हे रुग्ण निवडक होते. सिरॉसिस किती गंभीर ते मोजणाऱ्या चाइल्ड गुणपद्धतीत सी, १३ गुणांपर्यंत, किंवा एन्डोस्कोपीत रक्त वाहताना दिसलेले चाइल्ड बी. निवड न करण्यात ऑर्लॉफ उजवेच.

आणि पुढे ट्रान्सप्लांट करायचं झालं तर? नीट बसलेला स्टेंट जुन्या लिव्हरसोबतच निघून जातो. पोर्टोकेव्हल शंट मात्र सर्जनला आधी सोडवावा लागतो, तोही चिकटलेल्या जागेतून.

तळी उचलण्याबद्दल: स्टेंट महाग आहे, आणि तो बसवणारेही मोठ्या शहरांतच. तालुक्याच्या गावी हातात औषधं, जमलं तर बँडिंग, नाहीतर आत फुगवून रक्तस्राव दाबून धरणारी फुग्याची नळी, तीही जास्तीत जास्त २४ तास, तेवढ्यात रुग्ण पुढे पाठवायचा. तिथे शंट आणि स्टेंट दोन्ही सारखेच दूर.

राहिली पोर्टल व्हेन बंद पडलेली, पण लिव्हर धड असलेली मुलं. त्यांच्या शंटबद्दल लेखात मी अवाक्षर काढलेलं नाही. ते ऑपरेशन आजही तुम्हा सर्जनांचंच आहे.