वाळू टाका आणि खुशाल झोपा

जानेवारी आला की पुण्यात सकाळी १०-१२ डिग्रीत दात वाजायला लागतात आणि आपल्याला एकदम समुद्र आठवतो. मग ग्रुपवर कोणीतरी टाकतं, चला कोकण, बीच कॅम्पिंग, बॉनफायर, आणि शनिवारी पहाटे म्हणजे साडेनऊला चांदणी चौकात गाड्या जमतात. आता एवढे सगळे जाणार आणि प्रत्येकाला शेकोटी हवीच, तर ती कशी करायची हे कोणीतरी नीट सांगायला नको का? म्हणून मी सांगतोय. मला अनुभव आहे. उजव्या तळपायावर त्याचं सर्टिफिकेट पण आहे, त्याबद्दल पुढे येईलच.

सगळ्यात आधी तारीख. तारीख पौर्णिमेचीच काढा. चांदणं, समुद्र, शेकोटी, फोटो काय भारी येतात. कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायला जाऊ नका, ते उगाच बोटं मोजत बसतात. त्यांचा हिशोब असा की तिथीची पाऊणपट करायची, येईल तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे साधारण सव्वाअकरा-बाराला पाणी फुल वर, आणि ते पण उधाणाचं, म्हणजे नेहमीपेक्षा लांबपर्यंत येणारं. आपण ताम्हिणी उतरून, माणगावला मिसळ खाऊन, आंबेत-मंडणगड करत दापोलीच्या बाजूला पोचतो संध्याकाळी साडेपाचला, तेव्हा असते ओहोटी. पाणी पार तिकडे लांब. समोर क्रिकेटचं ग्राउंड मांडावं एवढी वाळू. तुम्ही काय करायचं, अगदी मधोमध, ओल्या वाळूवर, जागा बघून टेंट ठोकायचे आणि शेजारी शेकोटी रचायची. हॉटेलवाल्यांनी एवढी मोकळी जागा रिकामी का सोडली असेल असा प्रश्न मनात येऊ द्यायचा नाही. कोकणी माणसाला धंदा कळत नाही, बास.

लाकडं. होमस्टेच्या काकू सांगतात की सुकी मोळी आहे, नारळाची सोडणं पण देते, पैसे द्या. देऊ नका. साडेचारशेचा सुरमई राइस खाल्ला, दोन हजाराचं डिझेल जाळलं, पण लाकडाला पैसे म्हणजे लूट आहे. किनाऱ्यावर काय कमी जळण पडलंय? समुद्रातून वाहून आलेले ओंडके असतात, त्यात खारं पाणी मुरलेलं असतं आणि असं मिठाचं लाकूड जाळलं की धुरात डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात म्हणे, पण आपण हडपसर-स्वारगेट रोज करतो, आपल्याला धुराचं काय सांगता. फुटक्या होडीची फळी मिळाली तर उत्तमच, जुना रंग निळा-हिरवा पेटतो, दिसायला मस्त. तिच्यातले खिळे राखेत राहतात आणि दुसऱ्या दिवशी वाळूत, पण दुसऱ्या दिवशी आपण कुठे असतो?

नाहीतर सुरूचं बन आहेच. खाली सुयांसारख्या वाळक्या काड्यांची गादी पडलेली असते, काडी लावली की भुर्रकन. वाटलं तर चार हिरव्या फांद्या पण तोडा, जळत नाहीत पण धूर चांगला येतो आणि डास जातात. ही झाडं बऱ्याच ठिकाणी वनखात्याने मुद्दाम लावलेली असतात, वारा अडावा, वाळू गावात येऊ नये म्हणून. आणि राखीव वनात आपल्या मनाने आग पेटवायची नाही असं १९२७ चा भारतीय वन कायदा सांगतो. पण कायदा १९२७ चा आहे ना, तेव्हा ब्लूटूथ स्पीकर होते का? नव्हते. मग.

पेटवताना कागद, काटक्या, फुंकणं वगैरे बालवाडीचे प्रकार करू नका. आमच्यातल्या एकाने (नाव सांगत नाही, कोथरूडला राहतो) बाटलीत पेट्रोल आणलं होतं. पेट्रोलची गंमत अशी की ते स्वतः नाही पेटत, त्याची वाफ पेटते, आणि ती वाफ हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत पसरत येऊन गुपचूप तुमच्या पायाशी बसलेली असते. त्याने ओतलं, लायटर शोधण्यात मिनिट-दीड मिनिट घालवलं, मग पेटवलं. भप्प. डाव्या भुवईशिवाय तो बरा दिसतो खरं तर. त्याच्या बायकोचं मत वेगळं आहे.

आकार होळीएवढा पाहिजे. गुडघ्याएवढी आग दहा जणांना पुरते असं काकू म्हणाल्या, पण गुडघ्याएवढी आग रीलमध्ये दिसते का? बाजूने दगडांचं कडं करायचं, दगड पाण्यातूनच उचलून आणायचे, ओले, गोल, गुळगुळीत. त्यांच्यात मुरलेल्या पाण्याची वाफ झाली आणि बाहेर पडायला जागा नसली की दगड फुटतो, फटाक्यासारखा आवाज येतो आणि कपच्या उडतात, लहान मुलं खूश. बिअरच्या बाटल्या, चिप्सची पाकिटं, थर्माकोलच्या ताटल्या सगळं त्यातच टाका, म्हणजे कचरा उचलावा लागत नाही. काच काही जळत नाही, तडकून धारदार होते फक्त, ते असो.

बाय द वे एक गोष्ट तिथे गेल्यावर लक्षात येते की कोकणात थंडीच नसते. थंडी होती पुण्यात. ती शेकायला आपण दोनशे किलोमीटर आलो, आणि आता टी-शर्ट काढून, घाम पुसत, शेकोटीपासून तोंड फिरवून बसलोय. पण उठायचं नाही. पैसे भरलेत.

टेंट शेकोटीला चिकटून लावा, हात लांब केला की भाजलेलं कणीस घेता आलं पाहिजे. पंधरा फूट अंतर ठेवा वगैरे सांगणारे लोक असतात. नायलॉन पेटण्याआधी वितळतं आणि थेंब थेंब अंगावर पडतं, ट्रॅकपँटचंही तेच. शिवाय वाऱ्याचा भूगोल आहे. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे होते ते आठवतंय? दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई. आपण पाच मार्कांसाठी पाठ केलं आणि विसरलो. संध्याकाळी ठिणग्या सुरूच्या बनाकडे जात होत्या म्हणून आम्ही टेंट समुद्राच्या बाजूला हलवले आणि खूप शहाणे झालो. नवाच्या सुमारास वारा पडला, मग उलटा फिरला, आणि माझ्या टेंटच्या छताला बारीक बारीक सतरा भोकं पडली. झोपून मोजली. त्यातून चंद्र दिसत होता, ते एक बरं.

रात्री गार वाटलं म्हणून निखाऱ्यांची शेगडी टेंटमध्ये नेऊन चेन लावून झोपायची आयडिया एकाने काढली होती. इथे मी एक मिनिट नीट बोलतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, खोकला येत नाही, माणूस झोपेत जातो आणि शेजारच्याला पण कळत नाही. हे नाही करायचं. काकूंनी त्याच्या हातातून घमेलं काढून घेतलं होतं. चला, पुढे.

कासवं. डिसेंबर-जानेवारीत ऑलिव्ह रिडलेच्या माद्या रात्री ह्याच किनाऱ्यांवर येतात, वेळास-आंजर्ल्याचं नाव तुम्ही ऐकलं असेल, भरतीच्या रेषेच्या वर कोरड्या वाळूत दीडेक फूट खड्डा करून शंभरावर अंडी घालतात, झाकतात आणि परत जातात. म्हणजे ओली वाळू सोडली तर कॅम्पफायरला जी जागा आपल्याला बेस्ट वाटते तीच नेमकी. पुढे दीडदोन महिन्यांनी पिल्लं निघतात ती उजेडाकडे चालतात, कारण लाखो वर्षं रात्री किनाऱ्यावर सगळ्यात उजळ गोष्ट म्हणजे समुद्राचं क्षितिज होती. आता तिथे आपण आहोत, डिस्को लाइट लावून. गावातला कासवमित्र पोरगा पहाटे टॉर्च घेऊन घरटी शोधत फिरतो, तो सांगायला आला की दादा आग जरा लहान करा, तर त्याला म्हणायचं, "बस ना, चहा घे." तो बसत नाही. नुसता उभा राहतो, आगीकडे बघत, आणि मग निघून जातो. मला अजून तो नुसता उभा राहिलेला आठवतो, का कुणास ठाऊक.

तर बाराला केक कापायचा होता. अकरा वाजता समुद्र आला. एकदम लाट वगैरे नाही हो, अगदी सभ्यपणे, प्रत्येक वेळी वीतभर पुढे, स्पीकरच्या आवाजात कळलंच नाही. मग एकदम शेकोटीतून फस्स, आणि अर्धे जळके ओंडके तरंगत आमच्याच टेंटकडे. पुढची पंधरा मिनिटं जी पळापळ झाली ती लिहीत नाही, त्यात केकचं जे झालं ते झालं. पण हार मानेल तो पुणेकर कसला! सामान वर कोरड्या वाळूत आणलं, सुरूला पाठ लावली आणि दुसरी शेकोटी पेटवली, ह्यावेळी मात्र काकूंकडून मोळी घेऊन, रात्रीचे दर लावून.

आता विझवणं. ह्याच्यासाठी तर लेख लिहिला. रात्री दोन वाजता सगळे पेंगलेले असतात. समुद्र पन्नास पावलांवर, बादल्या होमस्टेच्या पडवीत, म्हणजे पाणी आणायचं तर उठावं लागणार. त्यापेक्षा पायाने वाळू लोटा. दोन मिनिटांत लाल काही दिसत नाही, धूर नाही, सपाट, स्वच्छ, जणू कोणी आलंच नव्हतं. मी स्वतः लोटली. वरून पाय दाबून सपाट केली आणि म्हणालो, "बघा, किती जबाबदार लोक आहोत आपण." हे माझे शब्द आहेत, व्हिडिओ आहे.

सकाळी साडेसहाला मी उठलो, समुद्रातून सूर्योदय बघायला. पश्चिम किनाऱ्यावर. ते लक्षात यायला थोडा वेळ गेला, तेवढ्यात मी अनवाणी, हातात मोबाईल, डोळे समोर क्षितिजावर, असा चालत होतो. वाळू गार गार, दवाने ओली. आणि एका पावलाला पाय घोट्यापर्यंत आत गेला, आणि आत गार नव्हतं.

किंचाळलो ते गावात ऐकू गेलं. मित्र मदतीला धावले, ते एक वेगळंच संकट. एकाने टूथपेस्ट आणली, एकाने मॅगीसाठी आणलेली हळद, तिसऱ्याने आइसबॉक्समधला बर्फ थेट पायाला लावायला काढला. तुम्हीही असेच मित्र ठेवा. काकू आल्या, सगळ्यांना बाजूला सारलं, मला ओढत नळीपाशी नेलं आणि साध्या पाण्याखाली पाय धरून बसवलं. वीस मिनिटं. मी दहाव्या मिनिटाला उठायला लागलो तर खांदा दाबला.

"कुणी पुरली?"

मी म्हटलं, "मीच. विझवली होती काकू, नीट वाळू टाकली होती."

"अरे बाळा, तुझी आजी चुलीवर रांधायची की नाही? रात्री निखारा राखेत पुरून ठेवायची ती कशाला, विझायला? सकाळी त्याच्यावरच चूल पेटवायची ती. तू रात्रभर गोधडी घालून निजवलंस त्याला."

आजी. शनिवार पेठेतल्या वाड्यात गॅस यायच्या आधी हेच करायची, स्वतः सांगितलंय तिने मला, शंभर वेळा. उघडी राहिली असती तर आग दिसली असती, लांबून गेलो असतो.

मग काकूंनी बादली भरून समुद्राचं पाणी आणून त्या जागेवर ओतलं. दोनला पुरलेली, साडेसहा-पावणेसातला चर्रर्र करून अशी वाफ आली की कुकर उघडावा. फावड्याने उलटीपालटी केली, दुसरी बादली, परत चर्रर्र, कमी. परत उलटली. तिसऱ्या बादलीला आवाज आला नाही. तरी त्यांनी हाताची उलटी बाजू त्या चिखलाजवळ नेली, मग आत बोटं घालून बघितली, आणि मग उठल्या. एकूण वेळ सात-आठ मिनिटं असेल. मी पाय पाण्यात धरून मोजत होतो, दुसरं काम नव्हतं.

पाय सुजला, उजवी चप्पल चढेना, तिथेच पडवीत राहिली. दापोलीला डॉक्टरांनी पट्टी केली, मग ताम्हिणीपर्यंत मागच्या सीटवर पाय आइसबॉक्सवर ठेवून आलो, घाटात सगळ्यांनी गरम भजी खाल्ली, मला गाडीत आणून दिली. ग्रुपवर तोपर्यंत पुढचा प्लॅन आला होता, पवना, लेकसाइड, बॉनफायर इन्क्लुडेड. मी अंगठा टाकला.

गेल्या आठवड्यात काकूंचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. त्या जागेवर एक काठी रोवलीय, काठीला माझी उजवी चप्पल टांगलीय, आणि मागे कुठला तरी नवीन ग्रुप झावळ्या ओढत आणतोय, एमएच बाराची गाडी थेट वाळूत उभी. खाली लिहिलं होतं, "तुमच्याकडचेच आहेत. मोळी नको म्हणाले."