बाळंतिणींच्या दारात बॅटरी नको

आज बेळगावात आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीची बैठक झाली आणि घरी येऊन न जेवताच हे लिहायला बसलो आहे. विषय होता, मोठ्या देणगीदारांना भीमगड अभयारण्यातल्या बारापेडेच्या गुहेत नेऊन वटवाघळे दाखवण्याचा. परवानगीचे बघून घेऊ, असे चिटणीस सहज म्हणाले आणि अकरापैकी नऊ हात वर गेले.

कॉलेजात असताना तळेवाडीच्या एका आजोबांबरोबर मी त्या गुहेच्या तोंडापर्यंत गेलो होतो. मी बॅटरी लावताच त्यांनी काचेवर तळवा ठेवला आणि म्हणाले, "पोरा, आत बाळंतिणी हायत."

आत होती ती राउटनची वटवाघळे. १९१३ मध्ये शास्त्राने या जातीची पहिली नोंद केली ती याच गुहेवरून. मेघालय आणि कंबोडियात ती सापडेपर्यंत साऱ्या जगात तिचा हा एकच पत्ता ठाऊक होता. उजेडाने, गोंगाटाने दचकून माद्या उडाल्या की पिल्ले खाली पडतात, आणि पडलेले पिल्लू सहसा वाचत नाही. हे आजोबांना कुणी शिकवले नव्हते, आणि आमच्या कार्यकारिणीला मात्र छापील अहवाल देऊनही कळत नाही!

देणग्यांशिवाय शाळांतले आमचे कार्यक्रम होणार नाहीत, हे मान्य. पण भीमगडच्या जंगलातल्या ज्या गावांतून पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून आणावे लागते, त्यांना अभयारण्याचे नियम सांगायचे आणि चेक देणाऱ्याला गुहेची वाट दाखवायची, हे कोणत्या तोंडाने करायचे? मी विरोध केला तेव्हा एक सदस्य म्हणाले, "तुम्ही चाळीस वर्षे जंगलात फिरलात, आता आम्हाला संस्था चालवू द्या." ते मनाला फार लागले. जंगलात फिरलो म्हणूनच तर मला त्या खुर्चीवर बसवले होते.

चिटणीसांवर मात्र राग धरणे जमत नाही. जांबोटीकडच्या वणव्यात ओल्या डहाळ्या घेऊन रात्रभर माझ्या शेजारी राबलेला तो माणूस आहे. त्या आजोबांची भेट त्याला घडली असती तर आज त्याचा हात वर गेला नसता, असे मला राहून राहून वाटते. आजोबांनी माझ्या हातातली बॅटरी काढून घेतली होती आणि ओढा ओलांडेपर्यंत परत दिली नव्हती.

माझा विरोध इतिवृत्तात नोंदवून घेतला आहे. आता हा विषय सर्वसाधारण सभेत मांडणार आहे. सभासद असलेल्या मित्रांनी त्या दिवशी कृपया घरी राहू नये.