उभं राहून मणके झिजतात? शिक्षकांच्या कंबरदुखीवरचा तो फॉरवर्ड

शिक्षकांच्या ग्रुपवर एक मजकूर सारखा फिरतो. त्याचा गोषवारा असा: वर्षानुवर्षं वर्गात उभं राहून मणके झिजतात, म्हणून कंबर धरली की लगेच एमआरआय काढा, पंधरा दिवस अंथरुणावर पडून राहा, शाळेत पट्टा बांधून जा आणि रात्री फळीवर झोपा. लिहिणाऱ्याला कळकळ असेल, पण यातला एकही सल्ला जसाच्या तसा पाळण्याजोगा नाही.

आधी उभं राहण्याचं बघू. शिक्षकांमध्ये कंबरदुखी भरपूर आहे, यात वाद नाही. २०११ च्या एका आढाव्यात स्नायू आणि सांध्यांच्या तक्रारी सांगणाऱ्या शिक्षकांचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत ३९ ते ९५ टक्के निघालं. (एवढी तफावत पाहिली की प्रत्येकाने मोजपट्टी वेगळी वापरली असणार, हे उघड आहे.) पण सगळं खापर उभं राहण्यावर फोडण्याआधी एक तासिका नीट पाहा. बाई ठेंगण्या बाकावर एक हात टेकवून वाकतात, वहीतलं गणित तपासतात, त्याच अवस्थेत मान वळवून मागच्या मुलाला दटावतात, सरळ होतात आणि पुढच्या बाकाशी पुन्हा वाकतात. संध्याकाळी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, मान खाली, दोन तास जागचं हलायचं नाही. एकाच अवस्थेत अडकून राहणं कंबरेला जाचतं, मग ते उभं राहून असो की बसून. शिवाय कामाचा ताण आणि वरिष्ठांचा पाठिंबा नसणं यांचाही दुखण्याशी संबंध अभ्यासांत दिसतो. फॉरवर्डमध्ये त्याबद्दल अवाक्षर नाही.

एमआरआयचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. १९९४ मध्ये कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय तपासले गेले. ५२ टक्के लोकांची किमान एक चकती (दोन मणक्यांमधली गादी, म्हणजे डिस्क) फुगलेली होती. २०१५ च्या आढाव्यानुसार तर काहीही न दुखणाऱ्या पन्नाशीच्या लोकांतही साधारण ८० टक्क्यांच्या चकत्यांत झिजेच्या खुणा दिसतात. म्हणजे पन्नाशीतल्या सरांच्या रिपोर्टात काहीतरी सापडणारच. मग सर 'माझी डिस्क गेली' म्हणत वाकायचं सोडतात, चालणं कमी करतात, स्नायू ढिले पडतात आणि दुखणं मुक्कामाला येतं. कंबरदुखीच्या सुमारे ९० टक्के रुग्णांत बोट ठेवावं असं एकच नेमकं कारण सापडत नाही. ऐकायला हे निराशाजनक वाटतं, पण त्याचा अर्थ गंभीर असं काही नसण्याचीच शक्यता जास्त.

पंधरा दिवसांची विश्रांती? १९८६ मध्येच एका चाचणीत दोन दिवस आणि सात दिवस विश्रांती यांची तुलना झाली. दोन दिवसवाल्यांची कामावरची गैरहजेरी ४५ टक्के कमी भरली. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या नगरपालिका कर्मचाऱ्यांवर झालेल्या चाचणीत तर, झेपेल तेवढी रोजची कामं चालू ठेवणारे सगळ्यात लवकर सावरले. दुखणं अगदी असह्य असेल तर एखाद-दोन दिवस पडून राहा. त्यापुढे हालचाल हवी.

पट्टा आणि फळी लवकर निकालात निघतात. जुनाट कंबरदुखीसाठी पट्टे सरसकट वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शिकेत म्हटलं आहे. गादीचं म्हणाल तर २००३ मध्ये ३१३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी सरस ठरली.

मग करायचं काय? चाला. २०२४ मध्ये ७०१ जणांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्यांना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीत टप्प्याटप्प्याने चालणं वाढवायला लावलं. पुन्हा दुखायला लागेपर्यंतचा मध्यक काळ (निम्म्या जणांचं दुखणं परतेपर्यंतचे दिवस) हा कार्यक्रम न मिळालेल्यांत ११२ दिवस होता, चालणाऱ्यांत २०८ दिवस. शाळेत वही तपासताना बाकाशेजारी बसा, शिकवताना वर्गात फिरा, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा अर्ध्यावर आला की उठा.

आणि जे ठळक अक्षरांत हवं होतं, तेच त्या मजकुरात नाही. लघवी तुंबणं किंवा तिच्यावरचा ताबा जाणं, बसायच्या जागेला बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. कंबरदुखीबरोबर ताप, कारण नसताना घटणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग किंवा नुकतंच जोरात पडणं असेल, तरी डॉक्टरांना लगेच दाखवा. एमआरआयची खरी गरज अशांनाच असते.