संकासूर, हेलियम आणि आमच्या बाबांची विहीर

गेल्या जत्रेत आडदशावतार, म्हणजे दशावतारी नाटकाआधीचा सुरुवातीचा खेळ, बघत बसलो होतो. काळ्या कपड्यातला संकासूर आला आणि भटजीला मालवणीतून असे काही उलटसुलट प्रश्न विचारायला लागला की पेटीवालाही हसायला लागला. संकासूर वेद चोरतो आणि विष्णू त्याला मारतो, हे पोराटोरांनाही पाठ आहे. पण मारेपर्यंतचा सगळा वेळ त्याचा. देवळाच्याच अंगणात, देवासमोर, भटजीची टर उडवायची मोकळीक. खरं नाव शंखासूर, पण मला त्यात 'शंका'च ऐकू येते. व्युत्पत्तीवाल्यांनी माफ करावं.

तत्त्वज्ञान म्हणजे जाडी पुस्तकं, असं मलाही कॉलेजात वाटायचं. आता वाटतं, ते अशा शंकेतूनच सुरू होतं.

दर १८ ऑगस्टला आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. विजयदुर्ग किल्ल्यावरच्या 'साहेबाच्या ओट्यां'वरून लॉक्यर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १८६८ चं सूर्यग्रहण पाहिलं आणि हेलियम शोधला. खाली तिरंगा, तुतारी वगैरे. यंदा मी लिहिलं की ग्रहण खरं, तारीख खरी, पण लॉक्यर त्या दिवशी भारतात नव्हताच. ते ग्रहण बघायला फ्रान्सचा खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. लॉक्यरने इंग्लंडमधून ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या प्रकाशाच्या वर्णपटात हेलियमची ती पिवळी रेषा पाहिली. पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ उजाडलं.

काकांचं उत्तर मिनिटभरात: "मगे ते ओटे कित्याक बांदले?"

प्रश्न वाईट नाही हो! पुरावा मागायची ही पद्धत चांगलीच आहे. फक्त ओटे असणं आणि लॉक्यर त्यावर असणं या दोन गोष्टी काकांनी एका दोरीत ओवल्या. मी तसं म्हटल्यावर पुढचा मेसेज आला, "शिकलस म्हणान आमका खोटा ठरवतलस?" मग मी गप्प.

ग्रहणावरूनच आठवलं. २९ मे १९१९ च्या सूर्यग्रहणासाठी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर गेला होता, दुसरी तुकडी ब्राझीलमध्ये. सूर्याच्या अगदी कडेवरून येणारा ताऱ्याचा प्रकाश १.७५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) वाकेल, हे आइनस्टाइनने आधीच सांगून ठेवलेलं. तेवढा वाकला नसता तर सिद्धान्त गोत्यात आला असता. व्हिएन्नातल्या कोवळ्या कार्ल पॉपरला, पुढे तत्त्वज्ञ म्हणून गाजलेल्या, नेमकी हीच गोष्ट भावली. चुकीचं ठरण्याची जागा जो ठेवत नाही, त्याचं म्हणणं विज्ञान नव्हे, असं तो पुढे मांडत राहिला.

आता गंमत बघा. देवाचा कौल घेताना, म्हणजे मूर्तीला पाकळ्या चिकटवून देवाला विचारताना, गुरव गाऱ्हाणं घालतो, सगळे "होय महाराजा" म्हणतात, आणि अट आधीच ठरते: उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. 'नाही' कशाला म्हणायचं हे पाकळी पडण्याआधी ठरलेलं! आपल्या पुढाऱ्यांपेक्षा हे किती सरळ आहे. निवडणूक जिंकली तर जनतेचा कौल, हरली तर मशीन, पैसा, पाऊस, जात. शब्दही बघा, कौलच. मीही त्यातलाच, माझा उमेदवार पडल्यावर मी आठवडाभर कारणं शोधली होती.

घोळ होतो तो पुन्हा विचारण्यात. बाबांनी वीसेक वर्षांपूर्वी विहिरीसाठी कौल लावला होता. बागेच्या वरच्या अंगाला खणायची? डावा. पुन्हा, डावा. मग प्रश्न बदलला, खालच्या अंगाला खणू का? उजवा. खणली, पाणी लागलं, आजही मे महिन्यात घागर बुडते.

परवा चहा पिताना मी विचारलं, "बाबा, समजा तिथे पाणी लागलं नसतं तर?"

त्यांनी बशीतला चहा संपवला.

"तर मगे माझा इचारणाच चुकला असता."

आणि मोटर चालू करायला बागेत गेले.