टाउन हॉलला हात लावता येत नाही म्हणे!

हॉर्निमन सर्कलसमोरच्या एशियाटिक लायब्ररीच्या, म्हणजेच टाउन हॉलच्या, पायऱ्यांचा झकास फोटो आणि खाली चार ठोक विधानं, असा मेसेज सध्या ग्रुपांवर फिरतोय. मुंबईचा टाउन हॉल व्हिक्टोरियन गॉथिक आहे. इंग्रजांनी तो पदरमोड करून शहराला भेट दिला. तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आणि हेरिटेज ठरल्यामुळे त्याच्या खिळ्यालाही हात लावता येत नाही, पडेपर्यंत बघत बसायचं! चारही चूक. चौथं तर घातक.

गॉथिकचं पटकन उरकतो. इमारत पुरी झाली १८३३ साली, व्हिक्टोरिया गादीवर आली १८३७ ला. आराखडा कर्नल थॉमस काउपर यांचा, धाटणी ग्रीक: तीस पायऱ्या, वर आठ डोरिक, म्हणजे साध्या ग्रीक घडणीचे, खांब. गॉथिकच्या टोकदार कमानी दर्शनी भागात शोधून दाखवा. खिडक्यांवरचे लाकडी झडपांचे छज्जे मात्र ग्रीसचे नव्हेत. ते इथल्या उन्हापावसाने लावायला लावले.

आता ‘भेट’. १८११ मध्ये मुंबईतले इंग्रज न्यायाधीश जेम्स मॅकिन्टॉश यांनी कल्पना मांडली आणि पैसे उभे करायला चक्क लॉटरी निघाली. ते पुरेनात, काम रखडलं, तेव्हा उरलेला खर्च ईस्ट इंडिया कंपनीने उचलला. कंपनीची तिजोरी कोणाच्या महसुलावर भरत होती, हे वेगळं सांगायला नको. खांब इंग्लंडहून आले आणि इतके अवजड निघाले की निम्मे भायखळ्याच्या ख्राइस्ट चर्चला दिले, असं सांगतात. पण खांब तिकडचे म्हणून इमारत दानात मिळाली असं होत नाही.

युनेस्कोने २०१८ मध्ये यादीत घेतला तो ओव्हल मैदानाभोवतीचा व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह. हायकोर्ट, विद्यापीठ त्यात आहेत. टाउन हॉल नाही. त्याने काही बिघडत नाही, कारण टाउन हॉलला संरक्षण आहे ते इथल्याच नियमांचं. १९९५ साली मुंबईच्या तेव्हाच्या विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे बांधकामाच्या नियमांत, ६७ वा नियम आला. एखाद्या शहराने असा हेरिटेज नियम करण्याची देशातली ती पहिलीच वेळ. त्यात इमारतींच्या श्रेणी ठरल्या आणि सल्ला द्यायला समिती नेमली. टाउन हॉल पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या, श्रेणीत आहे.

आणि याच श्रेणीबद्दल सगळ्यात जास्त थापा चालतात. नियम म्हणतो: आतबाहेर हस्तक्षेप नको, पण बळकटीसाठी आणि आयुष्य वाढवण्यासाठी लागणारे, अगदी आवश्यक आणि कमीत कमी बदल चालतील, फक्त ते मूळ रचनेला धरून हवेत. म्हणजे गळकं छप्पर दुरुस्त करा, कुजलेली तुळई बदला, खुशाल! परवानगी मिळणार नाही ती चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा थापायला, आणि ते योग्यच. चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते. सिमेंटने ती कोंडते, क्षार फुगतात आणि दोन-चार पावसाळ्यांत पोपडे दगडाचा पापुद्रा घेऊन गळायला लागतात. कंत्राटदाराला सिमेंट सोपं पडतं, खरी अडचण तिथे आहे.

शंभर मीटरच्या आत बांधकामबंदी वगैरे जे ऐकवलं जातं, ते केंद्राच्या १९५८ च्या कायद्यातलं, २०१० च्या दुरुस्तीनंतरचं. ते राष्ट्रीय संरक्षित स्मारकांना लागू होतं. महापालिकेच्या हेरिटेज यादीतल्या इमारतींशी त्याची गल्लत करू नका.

दुरुस्ती होतच नाही म्हणणाऱ्यांनी भायखळ्याला जाऊन डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बघावं. त्याच्या जीर्णोद्धाराला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. मुंबईचं ऑपेरा हाउसही असंच पुन्हा उभं राहिलं. या कामांना पैसा लागला, जुनी कामं जाणणारे कारागीर लागले आणि पाठपुरावा लागला. एखादी इमारत गळत असेल तर यातलं नेमकं काय कमी पडलं ते विचारा, आणि विचारायचं तिच्या मालकाला.